शहाणीनं कोर्टाची पायरी चढावी

दुपारची भांडी झाली असतील तर जरा टेका. झाली नसतील तर घासता घासता ऐका. मी बचत गटांची सहयोगिनी, तुमची नेहमीची ताई बोलतेय. आज बचतीचा हिशोब नाही, बँकेचा हप्ता नाही. आज एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्याच नाशिकपासून सुरू होते.

पण आधी आपल्या बैठकीत काय झालं ते सांगते.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. वही उघडली, बचत जमा झाली, अंतर्गत कर्जाचा विषय निघाला. एक ताई उठल्या. कांदे निवडायला रोजानं जातात. म्हणाल्या, "मला वीस हजार पाहिजेत. पोरगी बारावी झाली, तिला वकिलीला जायचंय." शेळीसाठी कर्ज, शिलाई मशीनसाठी कर्ज, दवाखान्यासाठी कर्ज, हे सगळं आपण रोज मंजूर करतो. पण वकिली म्हटल्यावर बैठक गप्प झाली. मग एक एक आवाज निघाला. "बाईच्या जातीला ती लाइन बरी नाही." "काळा कोट घालून गुन्हेगारांच्यात फिरणार का?" "हिच्याशी लग्न कोण करणार, नवऱ्यालाच नोटीस द्यायची!" यावर सगळ्या हसल्या. आणि आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "अगं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

खरं सांगते, मला राग आला नाही. कारण हेच वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी माझ्या घरात ऐकलंय. बी.ए. झाले तेव्हा लॉ कॉलेजचा फॉर्म आणून ठेवला होता. एका नातेवाइकांनी वडिलांना हेच ऐकवलं आणि फॉर्म पेटीत गेला. वडील वाईट नव्हते. त्यांनी त्यांच्या आयुष्यात एकही बाई वकील पाहिलेली नव्हती, एवढंच.

म्हणून त्या दिवशी कर्जाचा विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आणि घरी येऊन वाचायला बसले. बायकांना वकिली बंद का होती? आणि उघडली कोणी? ते आज तुम्हाला सांगते.

कॉर्नेलिया सोराबजी. नाव ऐकायला परकं वाटतं, पण जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. वडील पारशी घरातले, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवायच्या. घरात मुली पुष्कळ आणि सगळ्या शिकलेल्या. कॉर्नेलियाबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या तेव्हा मुलं वर्गाचं दार तोंडावर लावून घ्यायची. तरी त्या शिकल्या. मुंबई विद्यापीठाची पदवी घेणारी पहिली बाई त्याच, आणि पदवीही पहिल्या वर्गात.

आता ऐका. असा निकाल लागला की सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, विलायतेला जाऊन शिकायला. ती त्यांना मिळाली नाही. कारण एकच, ही शिष्यवृत्ती मुलांसाठी आहे आणि तुम्ही बाई आहात. मार्क बाईनं मिळवलेले चालले, पैसे बाईला चालले नाहीत.

मग त्यांनी अहमदाबादच्या कॉलेजात शिकवलं, आणि शिकवलं ते मुलांना! तिकडे इंग्लंडमधल्या काही बायकांनी आणि सज्जन माणसांनी वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत नर्सबाईंच्या आद्यगुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. म्हणजे बघा, भिशीसारखा पैसा जमला आणि एक मुलगी शिकायला गेली. बचत गट तेव्हा नव्हते, पण काम तेच झालं. १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या.

तिथं त्या कायदा शिकल्या. परीक्षा आली तेव्हा पुन्हा अडचण. बाईनं पुरुषांबरोबर एका दालनात बसून पेपर लिहायचा, हे तिथं कधी झालंच नव्हतं. वेगळ्या खोलीत बस म्हणाले. कॉर्नेलियाबाई अडून बसल्या. सगळे जिथं बसतात तिथंच मी बसणार. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ मध्ये त्यांनी ती परीक्षा दिली. कायद्याची ही परीक्षा ऑक्सफर्डमध्ये देणारी पहिली बाई आपल्या नाशिकची.

पण पदवी? ती मात्र दिली नाही. कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना शिकवायचं, परीक्षा घ्यायचं, पण पदवीचा कागद द्यायचं नाही. तो नियम १९२० मध्ये बदलला आणि कॉर्नेलियाबाईंना पदवी मिळाली १९२२ मध्ये. परीक्षेनंतर तीस वर्षांनी! आपण रेशनकार्डात नाव चढवायला तीन महिने लागले तर तहसीलला चार चकरा मारतो आणि वैतागतो. या बाईनं एका कागदाची तीस वर्षं वाट पाहिली.

१८९४ मध्ये त्या परत आल्या. आता तरी वकिली करता येईल? नाही. विलायतेची परीक्षा इथं चालत नाही म्हणाले. बरं, म्हणून १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. दिली. तरी नाही. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. पास झाल्या. तरी सनद नाही. एकेक परीक्षा पास होत गेल्या आणि दरवाजा तसाच बंद.

मधल्या काळात काही संस्थानांत, जिथं राजाच न्यायाधीश असायचा, तिथं त्यांना उभं राहता यायचं. त्यातली एक गंमत त्यांनी स्वतःच सांगून ठेवलीय. एका हत्तीचा खटला होता. आधीच्या राजानं हत्तीच्या पोटापाण्यासाठी झाडांची राई लावून दिलेली, नव्या राजानं ती काढून घेतली. बाई हत्तीच्या बाजूनं उभ्या. रात्र रात्र जागून तयारी केलेली. आणि राजानं मुद्दे न ऐकताच निकाल दिला, तुम्ही जिंकलात! का? तर राजाच्या कुत्र्याला त्या आवडल्या म्हणून. आपण हसतो, पण त्यांना ते फार लागलं. त्यांना कुणाची मेहरबानी नको होती. त्यांना मुद्दा मांडून जिंकायचं होतं.

आता कुणी विचारेल, ताई, या बाईंना एवढा हट्ट कशासाठी? शाळेत शिकवलं असतं, सुखानं राहिल्या असत्या.

त्याचं कारण सांगते, आणि ते तुमच्या-माझ्या घरातलं आहे.

त्या काळी बंगाल-बिहारकडच्या जमीनदार घरांत बायका पडद्यात असायच्या. घरातला सोडून दुसरा पुरुष त्यांनी बघायचा नाही, त्यानं यांना बघायचं नाही. नवरा वारला की लाखोंची जमीन या बाईच्या नावावर. पण कागद कोण बघणार? दिवाण, मुनीम, दीर, भाचे. वकील पुरुष, तो पडद्याबाहेर बसणार. आतून कुणी अंगठा लावला, का लावला, समजून लावला का, काही कळायचं नाही. बाई मालकीण आणि तिच्याच घरात तिला पोटभर अन्न नाही, अशी प्रकरणं होती. अशा बाईपाशी जाऊन, जमिनीवर मांडी घालून बसून, "बाई, तुम्ही कशावर सही केलीय माहितीय का?" असं विचारणारी वकील बाईच असू शकत होती.

कॉर्नेलियाबाई हे सरकारला वर्षानुवर्षं सांगत राहिल्या. शेवटी १९०४ मध्ये त्यांना बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये नेमलं. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे विधवा आणि अनाथ वारसांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं. पुढं बिहार, ओरिसा, आसामही त्यांच्याकडे आलं. वीसेक वर्षांत सहाशेच्या वर बायका-मुलांची कामं त्यांनी केली. कुणाची पोटगी, कुणाच्या मुलाचा वारसा, कुणाच्या मुलीचं शिक्षण. आणि एवढं करूनही सनद नाहीच. वकिलीचं काम करायचं, पण वकील म्हणवून घ्यायचं नाही.

पडद्याचं ऐकून तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. मैत्रिणींनो, आपल्याकडे पडदा नाही, पण त्या खोल्या अजून आहेत. आमच्या एका गटातली ताई. नवरा अपघातात गेला. तेराव्यानंतर दीर म्हणाले, वारस नोंदीसाठी सही पाहिजे. तालुक्याला नेलं. ऑफिसात बसवलं. वकीलसाहेब दिराशी बोलले, दीर वकीलसाहेबांशी बोलले, ही कोपऱ्यात पदर सावरून बसली. कुणी तिला वाचून दाखवलं नाही, तिनं विचारलं नाही. तिनं जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. दोन वर्षांनी कळलं, ते हक्कसोडपत्र होतं. मी तिला विचारलं, "का गं विचारलं नाहीस?" ती म्हणाली, "ताई, एवढ्या पुरुषांत कसं विचारू? आणि माझं दुःख काय त्या परक्या माणसाला सांगू?" तिथं एखादी बाई वकील असती, तर ही बोलली असती. एवढंच म्हणणं कॉर्नेलियाबाईंचं सव्वाशे वर्षांपूर्वी होतं.

आता दरवाजा उघडला कसा, ते ऐका. इथं एका शब्दाची गंमत आहे.

कलकत्त्याला रेजिना गुहा नावाची एक मुलगी होती. एम.ए. आणि वर कायद्याची पदवी. तिनं १९१६ मध्ये अर्ज केला, मला जिल्हा कोर्टात वकिली करू द्या. पाच न्यायाधीश बसले. प्रश्न काय होता? कायद्यात लिहिलंय की अमुक पास झालेली "व्यक्ती" वकील होऊ शकते. मग बाई ही व्यक्ती आहे की नाही? कायद्याच्या पुस्तकात पुढं पुरुषी रूप वापरलंय, "तो" असं लिहिलंय. तिच्या बाजूनं सांगितलं, अहो, दुसऱ्या एका कायद्यात स्पष्ट म्हटलंय की "तो" म्हटलं की त्यात "ती"ही आली. पण न्यायाधीश म्हणाले, हा कायदा करणाऱ्यांच्या मनात बायका नव्हत्याच. इंग्लंडच्या कोर्टानंही त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी तिथल्या बायकांना हेच सांगितलं होतं. अर्ज फेटाळला.

पुढं १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांनी पाटणा हायकोर्टात तोच प्रश्न नेला. कोर्ट म्हणालं, कलकत्त्याचा निकाल समोर आहे, आमचे हात बांधलेले आहेत. त्यांचाही अर्ज गेला. पण या बाई थांबल्या नाहीत, वर्तमानपत्रांतून आणि कायदेमंडळापुढं हा विषय गाजत राहिला.

गंमत अशी, की त्याच १९२१ साली ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं वेगळा विचार केला आणि कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं. देशातली ही पहिली नोंद. एका कोर्टात बाई व्यक्ती, शेजारच्या कोर्टात नाही. असा घोळ किती दिवस चालणार? दिल्लीच्या कायदेमंडळात पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले डॉ. हरिसिंग गौर यांनी हा प्रश्न लावून धरला. आणि १९२३ मध्ये कायदा झाला. छोटासा कायदा. त्याचा अर्थ एवढाच, की केवळ बाई आहे म्हणून कुणालाही वकिलीपासून अडवता येणार नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या मिठन टाटा लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्या. लग्नानंतर त्या मिठन लाम. १९१९ मध्ये आई हेराबाईंबरोबर त्या लंडनला गेल्या होत्या त्या हिंदुस्थानी बायकांना मताचा हक्क मागायला. मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांना पहिली केस का मिळाली माहितीय? पक्षकाराची बाजू इतकी भक्कम होती की जिंकणार हे नक्कीच. त्याला वाटलं, समोरच्याला बाईकडून हरवलं म्हणजे त्याची आणखी नाचक्की होईल! म्हणजे पहिलं काम मिळालं तेही टिंगलीतून. पण मिठनबाईंनी काम घेतलं, केलं आणि पुढं १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या.

कॉर्नेलियाबाईंचं पुढं काय झालं? त्याही १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या. वय सत्तावन्नच्या घरात. कलकत्त्याला वकिली सुरू केली. पण कोर्टात उभं राहून बोलायची कामं त्यांच्याकडे फार आली नाहीत, कागद तयार करून देण्याचीच आली. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९५४ मध्ये लंडनला वारल्या. त्यांची सगळी मतं मला पटतात असं नाही. इंग्रजांचं राज्य असावं असं त्यांना वाटायचं, गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. त्यामुळंच कदाचित आपण त्यांना विसरलो. पण मतं न पटणाऱ्या सासूनं बांधलेल्या विहिरीचं पाणी आपण पितोच ना? तसं हे आहे.

दरवाजा उघडला म्हणजे लगेच सगळं झालं, असंही नाही. मुंबई हायकोर्ट सुरू झालं १८६२ मध्ये. तिथं पहिली बाई न्यायमूर्ती बसली १९७८ मध्ये, सुजाता मनोहर. हिशोब करा, एकशे सोळा वर्षं. सुप्रीम कोर्टात पहिल्या बाई न्यायमूर्ती फातिमा बीवी, १९८९ मध्ये.

आणि बाई खुर्चीवर असली म्हणजे काय फरक पडतो, तेही सांगते. राजस्थानात एक कार्यकर्ती होती, गावपातळीवर काम करणारी, माझ्यासारखीच. बालविवाह रोखायला गेली म्हणून तिच्यावर अत्याचार झाला. त्यातून बायकांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या आणि १९९७ मध्ये विशाखा निकाल लागला. कामाच्या जागी बाईचा छळ झाला तर तक्रार कुठं करायची, हे त्यात पहिल्यांदा ठरलं. तीन न्यायमूर्तींत एक सुजाता मनोहर होत्या. पुढं २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. आज शेतमजूर बाई असो की घरकाम करणारी, तिलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मी रात्री-अपरात्री बैठकांना जाते तेव्हा त्या कायद्याच्या भरवशावर जाते.

आता कामाची दोन वाक्यं, वहीत लिहून ठेवा. पहिलं, बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्यात बाईला उत्पन्नाची अट नाही, ती गरीब असो की नसो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर नंबर १५१००. बाई वकील हवी असेल तर तसं अर्जात सांगा, मागायला लाजू नका. दुसरं, वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. दीर असो, भाऊ असो, की मी असो. म्हणायचं, "आधी वाचून दाखवा, मग घरी विचार करून सांगते." भाऊबीज तुटत नाही त्यानं. आणि तुटलीच, तर ती ओवाळणीवर नव्हे, सातबाऱ्यावर टेकलेली होती असं समजा.

आता त्या कर्जाचं सांगते. पुढच्या बैठकीत मी हीच सगळी गोष्ट सांगितली. हत्तीच्या खटल्याला सगळ्या हसल्या. तीस वर्षांच्या कागदाला गप्प झाल्या. जिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती ती ताई त्याच गटात बसलेली होती. तिनं सगळ्यात आधी हात वर केला. मग एकेक हात वर झाला. बारापैकी नऊ. वीस हजार मंजूर, शेकडा दोननं, दहा हप्ते. दोघींनी हात वर केला नाही, त्यांचा राग नाही. त्यांच्या मनात काळजीच आहे.

बारावी हात होता मावशींचा. त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "ते म्हणणं शहाण्याला आहे ना? शहाण्यानं चढू नये म्हणे. शहाणीबद्दल कुणी काही बोललेलं नाही." आणि हात वर केला. म्हणजे दहा झाले.

मैत्रिणींनो, पाच न्यायाधीशांना जे पटलं नव्हतं, की "तो" म्हणजे कोण आणि "ती" म्हणजे कोण, ते आमच्या चौथी शिकलेल्या मावशींनी चहा थंड व्हायच्या आत सोडवलं.

मुलीचा पहिल्या वर्षाचा प्रवेश झालाय. एस.टी.चा पास काढलाय. आणि माझं म्हणाल तर, बी.ए.नंतर तीन वर्षांची वकिली करता येते, हे मला माहीत आहे. पेटीतला तो फॉर्म आता चालणार नाही, नवा आणावा लागेल. घरी बोलणं चालू आहे. ठरलं की इथंच येऊन सांगेन.

तुमच्या घरात, गल्लीत, गटात एखादी मुलगी म्हणत असेल, मला वकील व्हायचंय, तर तिला एवढंच सांगा, की नाशिकच्या एका मुलीनं तुझ्यासाठी तीस वर्षं वाट पाहिलीय. तू फॉर्म भर.

चला, भांडी वाळत घाला. पुढच्या आठवड्यात याच वेळेला भेटू. नमस्कार.